शब्दचर्चा : बेअरबोनने कोणती ‘उमेदवारी’ केली?

सतराव्या शतकातल्या लंडनवर लेख लिहितेय आणि एका वाक्यापाशी अडकलेय. माणूस आहे प्रेझ-गॉड बेअरबोन, फ्लीट स्ट्रीटवरचा चामड्याचा व्यापारी आणि प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा, उपदेशक. हाच पुढे पार्लमेंटात गेला. मी लिहिलं होतं, ‘उमेदवारी पुरी करून १६२३ साली त्याला लेदरसेलर्स कंपनीत प्रवेश मिळाला.’ (ही कंपनी म्हणजे चामडं विकणाऱ्यांचा व्यापारी संघ.) मैत्रिणीने वाचून विचारलं, कुठल्या निवडणुकीची उमेदवारी?

मला म्हणायचंय ते धंदा शिकण्याबद्दल. १५६३ च्या कायद्याने ही मुदत किमान सात वर्षांची ठरवली होती. पोरगा मालकाच्याच घरी राहायचा. लग्न, फासे, गुत्ता सगळं वर्ज्य. करारनामा एकाच कागदावर दोनदा लिहून मधोमध नागमोडी कापत. एक तुकडा मालकाकडे, दुसरा पोराकडे. वाद झालाच तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या.

‘शिकाऊ’ मला अपुरा वाटतो, त्यात नवखेपणाच जास्त. ‘शागिर्दी’ म्हटलं की गवई नाहीतर पैलवान डोळ्यांपुढे येतो. फारसी ‘उमेद’ पोटात असलेला हाच शब्द मला हवाय, कारण आपलंही दुकान होईल या आशेवर तो पोरगा सात वर्षं दुसऱ्याच्या दारात राबतो. पण घोटाळा असा की पार्लमेंटात जाताना बेअरबोनने उमेदवारी केलीच नव्हती. १६५३ साली, राजेशाही संपवलेल्या सैन्याचा सेनापती क्रॉमवेल आणि त्याच्या लष्करी अधिकाऱ्यांनी सुमारे १४० माणसं निवडून बोलावून घेतली, त्यात लंडनतर्फे हा होता. ४ जुलै ते १२ डिसेंबर एवढंच ते पार्लमेंट चाललं, तरी ओळखलं जातं याच्याच नावाने.

प्रतिसाद
शब्द बदलू नका, क्रियापद सांभाळा. उमेदवारी ‘मिळते’, ‘भरतात’, ‘मागे घेतात’ ती निवडणुकीची. ‘करतात’ ती बहुधा कामाची, आणि सोबत ‘कडे’ आला की शंकाच उरत नाही. माझे आजोबा तालुक्याच्या एका वकिलांकडे तीन वर्षं उमेदवारी करत होते. पगार नाही. नकला उतरवायच्या, पक्षकाराला पाणी द्यायचं, संध्याकाळी दप्तर उचलून वकिलांच्या घरी पोचवायचं. घरात कुणालाही त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. आयटीआयच्या पोरांसाठी ‘शिकाऊ उमेदवार’ आजही छापून येतं. तुम्ही लिहा, ‘चामड्याच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली.’

प्रतिसाद
आणखी दोन ठिकाणी जपा. त्या सभासदांना ‘नामांकित’ म्हणू नका. हल्ली ‘नामांकन’ सर्रास चालतं, पण ‘नामांकित सभासद’ वाचून मराठी माणसाला नावाजलेलेच वाटणार. ‘नेमलेले’ पुरेसं आहे. राज्यपालनियुक्त आमदार आपल्याला माहीत आहेतच. दुसरं म्हणजे बेअरबोनला कुणी ‘चर्मकार’ करून टाकेल. तो शब्द आपल्याकडे जातीचा आहे, त्यामागे पिढ्यांचं भोगणं आहे. लंडनचा हा माणूस कातडं विकणारा दुकानदार. त्याच्यावर ती ओळख चढवली तर दोघांचाही इतिहास बिघडतो.

मूळ लेखिका
‘कडे’ने काम झालं. वाक्य आता असं : ‘चामड्याच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून १६२३ साली त्याला लेदरसेलर्स कंपनीत प्रवेश मिळाला, तीस वर्षांनी त्याला पार्लमेंटात नेमलं गेलं.’ ‘चर्मकार’ मी पहिल्या खर्ड्यात खरंच लिहिला होता, तो काढला.

तसाच एक शब्द पुढे आहे. फेब्रुवारी १६६० मध्ये राजेशाही परत आणण्याविरुद्ध बेअरबोन आणि त्याचे साथीदार पिटिशन घेऊन पार्लमेंटात गेले. त्याच दिवसांत जमावाने त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या. मी ‘अर्ज दाखल केला’ लिहिलं होतं. वरची चर्चा वाचून लक्षात आलं, हाही निवडणुकीचाच वाटेल. दहाजण मिळून कचेरीत जातात तेव्हा आपण ‘निवेदन दिलं’ म्हणतो. तेच ठेवतेय.