मदत हवी आहे: गेमचं आतलं गणित शिकायला सुरुवात कुठून करू?

मंडळी, ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम दोनेक वर्षं खेळतोय, आता त्याचं आतलं गणित समजून घ्यायचंय. गेम 0.6 सेकंदाच्या टिकवर (गेमच्या घड्याळाचा एक ठोका) चालतो, सिमिटारचा (वाकडी तलवार) वार दर 4 टिकनी आणि टू-हँडेड (दोन हातांनी धरायच्या) तलवारीचा दर 7 टिकनी, एवढं कळलंय, म्हणजे मोठी तलवार दिसायलाच भारी. काल वही घेऊन गायींवर 200 वार मोजले (आई खूश, पोरगं अभ्यासाला बसलं म्हणून!) पण सरासरी खरी धरायला किती वार पुरे तेच कळेना. आणि ड्रॉप रेट (शत्रू मारल्यावर एखादी वस्तू मिळण्याची शक्यता) 512 ला 1 असेल तर 512 शत्रू मारूनही साधारण 37 टक्के लोक रिकाम्या हाताने परततात म्हणे, ते कसं काढतात? एक्सेल पुरेल की पायथॉन शिकावं लागेल? गणित बारावीपर्यंतचंच आहे, तेही गंजलेलं, जरा सोपं करून सांगा.