मदत हवी आहे : लाल पॉलिस्टर जर्सीवरचे पांढरे क्रमांक गुलाबी पडतात

सप्रेम नमस्कार. खानापूर येथे माझे छपाईचे छोटे दुकान असून, सुती टी-शर्टवर १६० अंश सेल्सिअसला १५ सेकंद हीट प्रेस करून (तापलेल्या प्लेटच्या यंत्राखाली दाबून) व्हिनाइल, म्हणजे उष्णतेने कापडाला चिकटणारी प्लास्टिकची रंगीत फिल्म, लावण्यात मला आजवर कधी अडचण आली नव्हती. गेल्या आठवड्यात मात्र एका कबड्डी संघाच्या गडद लाल पॉलिस्टर जर्सींवर त्याच मापाने लावलेले पांढरे क्रमांक प्रेसमधून काढताना स्वच्छ होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी झाले. शिवाय कापडावर प्लेटच्या कडेची चकचकीत चौकट उमटली, ती वेगळीच.

माझ्या समजुतीप्रमाणे पॉलिस्टरमधला रंग उष्णतेने वायुरूप होऊन व्हिनाइलमध्ये चढतो. ज्या गुणावर सब्लिमेशनची छपाई (कागदावरची शाई उष्णतेने वायुरूप करून पॉलिस्टरमध्ये उतरवणे) चालते, तोच येथे आडवा आला. (जर्सी पांढऱ्या असत्या तर सब्लिमेशनच केले असते, पण संघाला लालच हव्या आहेत.) म्हणून १३० अंशांच्या आसपास चिकटणारे आणि रंग अडवणारा थर असलेले व्हिनाइल घ्यावे, असे वाटते. ते बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरात मीटरवर सुटे मिळते का? पूर्ण रोल मला परवडणारा नाही.

प्लेटची खूण टाळण्यासाठी जर्सीच्या आत फोमची उशी घालून दाब कमी ठेवल्यास क्रमांकांच्या कडा नंतर धुताना सुटतात का, आणि उमटलेली चौकट वाफेने जाते का, हेही कृपया सांगावे. अजून अकरा जर्सी बाकी आहेत.