मदत हवी आहे: योकोहामात ग्यूनाबेचं आमंत्रण आणि बायको बीफ खात नाही

नमस्कार मंडळी, जपानात राहणाऱ्यांनी प्लीज जरा मदत करा, घाई आहे, पुढच्या शनिवारचाच प्रश्न आहे.

आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, मार्चअखेर रिटायर होतायत. त्यांनी मला आणि बायकोला जेवायला बोलावलंय, ते आणि त्यांच्या मिसेस येणार, आणि जागा कुठली तर योकोहामातलं जुनं ग्यूनाबेचं दुकान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्यूनाबे म्हणजे सुकियाकीचा थोरला भाऊ, टेबलावरच पसरट लोखंडी भांड्यात शिजवलेलं बीफ, सोबत नेगी (लांब कांद्याची पात), तोफू, शिरातकी (कोन्याकू कंदाच्या पारदर्शक शेवया) वगैरे, आणि सगळे एकाच भांड्यातून घेणार. घोडं अडलंय ते इथेच. मी इथे आल्यापासून खातो (आईला माहीत नाही, कृपया विषय वाढवू नये), पण बायको चिकन-मासे खाते, बीफ अजिबात नाही, आणि त्याच रसात शिजलेला तोफूही तिला चालणार नाही.

दुसरी भानगड कच्च्या अंड्याची. मागच्या वर्षी क्योतोला पहिल्यांदा सुकियाकी खाल्ली तेव्हा किमोनोतल्या बाईंनी तव्यावर चरबीचा तुकडा फिरवला, मांसाचा कागदासारखा पातळ काप टाकला, वर चक्क साखर भुरभुरली, मग सोया सॉस, आणि जो चर्रर्र आवाज आणि पाक करपायला लागल्यासारखा वास आला, काय सांगू. काप अलगद माझ्या वाटीतल्या फेटलेल्या कच्च्या अंड्यात सोडला. मी त्याच्याकडे बघत बसलो, शेवटी बाईंनीच विचारलं, "दाइजोबु देस का?" (ठीक आहे ना?) डोळे मिटून खाल्लं आणि मग दोन अंडी संपवली ते सोडा, पण बायकोचं काय?

साहेबांना आधी सांगावं का? वाईट वाटेल का? की तिने भात-लोणच्यावर भागवावं?

प्रतिसाद १
भात-लोणचं नको, यजमानांनाच जास्त कानकोंडं होईल. आजच सांगा, ऐनवेळी तिथे बसल्यावर अजिबात नाही. सरळ म्हणा, "त्सुमा वा ग्यूनिकु गा ताबेरारेमासेन", म्हणजे बायको बीफ खाऊ शकत नाही. कारण विचारलं तर धर्माचं कारण म्हणून "शूक्योजो नो रियू दे" म्हणा, विषय संपतो. आणि भांडं वेगळं हवं हे स्पष्ट सांगा, नाहीतर लोकांना वाटतं मांसाचे तुकडे बाजूला काढले की झालं. चिकनची सुकियाकी असते, तोरिसुकी म्हणतात, पण प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. तव्याला चरबी न लावता तेल लावा हेही सांगा.

प्रतिसाद २
दुकान कुठलं? योकोहामात ओओता नावानोरेन १८६८ पासूनचं आहे, तिथे मांसाचे जाड चौकोनी तुकडे आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट). अराइया हे दुसरं दुकान १८९५ चं, तिथे वारिशिता, म्हणजे सोया, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साखर आधीच एकत्र केलेला रस. तुमचा क्योतोचा साखर भुरभुरण्याचा प्रकार इकडे कान्तोत, म्हणजे तोक्यो-योकोहामाच्या भागात, सहसा दिसणार नाही.

आणि वाईट वाटायची काळजी सोडा. ६७५ साली तेन्मु सम्राटाने गाय-बैल खायला बंदी घातली, सम्राट मेइजींनी जाहीरपणे बीफ खाल्लं ते १८७२ साली. त्या काळात घरच्या देव्हाऱ्याला विटाळ नको म्हणून लोक बीफ अंगणात शिजवायचे असं सांगतात. आमची आजी मटणाची चूल परसात मांडायची, तोच प्रकार. साहेबांना बरोबर कळेल.

धागाकर्ता
दोघांचेही खूप आभार, आत्ताच ऑफिसातून निघताना सांगून टाकलं. वाक्य पाठ केलं होतं तरी "ताबेरारेमासेन"ला जीभ अडखळलीच. साहेब क्षणभर गप्प, मला वाटलं झालं, आता संपलं. मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी दुकानाला फोन लावला. चिकनचं छोटं भांडं वेगळं मांडून देतात म्हणे, फक्त दोन दिवस आधी कळवायचं. फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाले, "आणि कच्ची अंडी चारऐवजी दोनच, माझी बायकोपण खात नाही."