स्कॉटलंडमधल्या पॅरिशची हद्द अशी लांबट का?

प्रश्न: सर जॉन सिंक्लेअर यांनी गावोगावच्या पाद्र्यांना दीडशेहून जास्त प्रश्न पाठवून पॅरिशवार (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर) माहिती जमवली. १७९१ ते १७९९ मध्ये तिचे २१ खंड निघाले. तेच चाळतोय. डोंगराळ भागात हद्द नदीकाठापासून थेट माथ्यापर्यंत चिंचोळी गेलेली बऱ्याचदा दिसते. असं का?

उत्तर: प्रत्येकाला सगळ्यातला वाटा हवा ना! खाली मळईची जमीन, तिच्यात ओट आणि बार्ली. वर हेदर या खुरट्या झुडपाची आम्लधर्मी, निचऱ्याबरोबर कस वाहून गेलेली माती, तिथे गुरं-मेंढरं. जळणाचं पीटही (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर) बहुधा वरच. हद्द ओढ्याने किंवा पाणलोटाच्या धारेने जाते, कारण ती कुणाला सरकवता येत नाही. आपल्याकडचे बांधाचे तंटे आठवा.

प्रश्न: पण मातीबद्दल पाद्री इतकं बारकाईने कसं लिहितात?

उत्तर: पाद्र्याला चर्चची जमीन कसायला मिळायची आणि त्याचा पगारही शेतीच्या उत्पन्नातून यायचा. माती त्याच्या पोटाशी बांधलेली होती. म्हणून शेतात चुना किती घालतात हे तो आवडीने सांगतो. बाकी उत्तरं काहीजण दोन ओळींत उरकतात.

दुसरं उत्तर: नकाशा जुळवताना जपून. काही पॅरिशांचे तुकडे शेजारच्या हद्दीत सुटे पडलेले असायचे. १८८९ च्या कायद्याने नेमलेल्या आयुक्तांनी त्यातले बरेच १८९१ च्या सुमारास दुसऱ्या पॅरिशला जोडले. त्यामुळे आजची रेषा सिंक्लेअरच्या काळाला लावू नका.