विषय: आयुर्वेद प्रशिक्षण वर्ग, आणि रुग्ण कुठून आणायचे?

प्रेषक: सुहास, फ्रीमॉन्ट

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीच्या बैठकीत निघालेला विषय वेळेअभावी तसाच राहिला, म्हणून इथे मांडतो. मराठी शाळेसाठी घेतलेली जागा शनिवारी दुपारनंतर रिकामी असते, भाडं मात्र आपण पूर्ण दिवसाचं भरतो. इथे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, झालेल्या बऱ्याच जणी आहेत, काही जणही आहेत. कोणी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतंय, कोणी डेकेअरमध्ये आहे, कोणी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर, घरी बसून आहे. इकडे हळदीचं दूध कॅफेत सहा डॉलरला विकलं जातं आणि ज्यांनी साडेपाच वर्षं हे शास्त्र शिकण्यात घालवली, त्या मुलांचे डबे भरतायत.

आपल्या मराठी मंडळाने आयुर्वेदाचा व्यावसायिक प्रशिक्षण वर्ग सुरू करावा आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावं, असं मला वाटतं. शिकवणारे आहेत, शिकायला अमेरिकनही येतील, जागा आहे. अजून काय लागतं?

सुहास

---

प्रेषक: मुग्धा, सॅन होजे

सुहास,

अजून लागतात रुग्ण. बाकी तू म्हणतोस ते सगळं खरंच आहे.

वर्गांचा इथे तुटवडा नाही. पुण्यात आयुर्वेद शिकलेल्या आणि शिकवलेल्या डॉ. वसंत लाडांनी १९८४ साली न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला, आयुर्वेदिक इन्स्टिट्यूट काढली. आता ती नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलला आहे. आपल्याच राज्यात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ आयुर्वेद १९९५ पासून चालू आहे. शिवाय ऑनलाइन शिकवणारे किती निघाले, ते मोजायला बसू नये. नॅशनल आयुर्वेदिक मेडिकल असोसिएशनने, म्हणजे 'नामा'ने, तीन पायऱ्या ठरवून दिल्यात: हेल्थ काउन्सेलर ६०० तासांचा, प्रॅक्टिशनर १५०० तासांचा आणि आयुर्वेदिक डॉक्टर ४००० तासांचा. पण हे संघटनेचं प्रमाणपत्र, सरकारी परवाना नव्हे. आयुर्वेदाचा परवाना अमेरिकेतलं एकही राज्य देत नाही.

आता त्या ६०० तासांत रुग्ण किती? विद्यार्थ्याच्या ५० रुग्णभेटी झाल्या की पहिली पायरी पूर्ण. भारतातल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ६० जागांच्या आयुर्वेद महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात रोज सरासरी १२० रुग्ण ओपीडीत यावे लागत. (काही ठिकाणी ते फक्त रजिस्टरात येतात, हे इथल्या बीएएमएसवाल्यांना मी सांगायला नको.) तरीही ज्याला चांगलं कॉलेज मिळालं, त्याने इंटर्नशिप संपेपर्यंत इतकी पोटं, जिभा आणि नाड्या बघितलेल्या असतात की पुढे पुस्तक नुसतं आठवण करून द्यायला उरतं.

स्नेहपानाचंच बघ, म्हणजे पंचकर्माआधी तूप पाजण्याचं. तुपाची मात्रा रोज वाढवत तीन ते सात दिवस द्यायची आणि सम्यक स्निग्ध लक्षणं (शरीरात पुरेसं तूप मुरल्याची) दिसली की थांबायचं. ही लक्षणं कोणीही पाठ करतं. पण समोरच्या बाईचं तूप पचलंय, की ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून "हो हो, भूक लागली" म्हणतेय, हे ओळखायला शेजारी जाणता वैद्य बसलेला लागतो. विरेचन (जुलाबाचं औषध) कोणाला द्यायचं यापेक्षा कोणाला द्यायचं नाही, हे शिकायला जास्त दिवस जातात. झूमवर यातलं काही येत नाही. लाडसर स्वतः आपल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्ण बघायला पुण्याला नेत, त्याचं कारणही हेच.

इथला रुग्ण वेगळा असतो, ही आणखी एक अडचण. तो औषधांची यादी घेऊनच येतो. रक्त पातळ करणारं, थायरॉइडचं, नैराश्याचं, मधुमेहाचं मेटफॉर्मिन. त्यातल्या कशाबरोबर अश्वगंधा चालेल आणि कशाबरोबर नाही, हे आम्हाला धड शिकवलं गेलं नाही आणि इथल्या सहाशे तासांतही त्याला पुरेशी जागा नाही.

म्हणून आणखी एक वर्ग आणि आणखी एक प्रमाणपत्र याला माझा विरोध आहे. काढायचंच असेल तर ओपीडी काढा.

मुग्धा

---

प्रेषक: श्रीकांत, क्युपर्टिनो

मुग्धाने औषधांचा विषय काढला, म्हणून माझे दोन पैसे. मी फार्मसीतून निवृत्त झालो, पण सवय गेलेली नाही.

वर्ग काढा नाहीतर ओपीडी काढा, तिथे काय देणार ते आधी ठरवा. २००४ साली बॉस्टनच्या आसपासच्या आपल्या लोकांच्या किराणा दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली होती. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी "हा आयुर्वेदाविरुद्धचा कट आहे" असं म्हणून विषय संपवला. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ औषधं तपासली. पुन्हा साधारण पाचव्या हिश्शात धातू सापडले, आणि त्यांत अमेरिकेत बनलेलीही होती. रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांपासून बनवलेल्या औषधांत, प्रमाण जास्त होतं. भस्म नीट मारलेलं, म्हणजे धातू शुद्ध करून जाळलेलं, असेल तर अपाय नाही, हा युक्तिवाद मला माहीत आहे. पण मुलाच्या रक्तात शिसं सापडलं की इथला आरोग्य विभाग घरी येतो, आणि त्यांना मारण-शोधन समजावून सांगायला कोण जाणार?

इथे ही औषधं १९९४ च्या कायद्याखाली 'डाएटरी सप्लिमेंट' म्हणून विकली जातात. बाजारात आणण्यापूर्वी मंजुरी लागत नाही, पण डबीवर रोग बरा करण्याचा दावाही करता येत नाही. म्हणजे विकणाऱ्याला मोकळीक आणि घेणाऱ्याने देवावर हवाला ठेवायचा. शिकणाऱ्याला प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागायला आणि वाचायला शिकवा. ज्येष्ठमध 'साधं' आहे म्हणून रक्तदाबवाल्याला देऊ नका. त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. हे अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात हवं, शेवटच्या नव्हे.

श्रीकांत

---

प्रेषक: नंदिनी, ओकलंड

थोडक्यात कायदा, कारण मला गेल्या दोन दिवसांत तिघांनी फोन करून तेच विचारलं.

कॅलिफोर्नियात २००३ पासून एसबी ५७७ हा कायदा लागू आहे. परवाना नसलेल्या माणसालाही त्यामुळे पर्यायी उपचार देता येतात, पण अटींवर. त्वचेला छेद द्यायचा नाही, म्हणजे शिरावेध (शीर टोचून रक्त काढणं) आणि जळवा बाद. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध बंद करा असं सांगायचं नाही. एक्स-रे नाही. स्वतःकडे वैद्यकीय परवाना नाही, आपलं शिक्षण आणि अनुभव काय, उपचार कुठल्या सिद्धांतावर आहेत, हे सगळं लेखी द्यायचं, तेही समोरच्याला समजेल अशा भाषेत. त्यावर त्याची सही घ्यायची आणि तो कागद तीन वर्षं जपायचा. मराठी आजी आल्या तर फॉर्म मराठीत लागेल.

परवाना नसताना कार्डावर 'डॉ.' छापू नका. भारतात तुम्ही डॉक्टर असाल, आहातच. पण इथे तो गुन्हा ठरू शकतो. आपल्या दिवाळी अंकात दोन जाहिराती तशा होत्या, संपादकांनी बघावं.

सुहास, तुझ्या वर्गाबद्दल: व्यवसायासाठी तयार करणारी खासगी शाळा काढायची तर राज्याच्या ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशनची मान्यता लागते. एकूण शुल्क २५०० डॉलरच्या आत असलेले, सरकारी विद्यार्थी-मदत न घेणारे अभ्यासक्रम त्यातून सुटतात. आणि एच-४ वाल्या मैत्रिणींना "मानधन देऊ" असं कोणी परस्पर सांगू नये. काम करायचं तर ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, लागतं, आणि २०१५ पासून ते एच-४ वर काहींनाच मिळतं. ज्यांच्या नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डासाठीची आय-१४० याचिका मंजूर झाली आहे, त्या मुख्यतः.

नंदिनी

---

प्रेषक: अविनाश, पालो आल्टो

इंटर्निस्ट (ॲलोपॅथीचा फिजिशियन) म्हणून थोडं कडू लिहितो, राग नसावा.

महाराष्ट्रात कितीतरी बीएएमएस डॉक्टर सर्रास ॲलोपॅथीची औषधं लिहून देतात. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावणारे, इंजेक्शन देणारे हेच. त्यांच्यावाचून खेड्यातल्या लोकांचं अडेल, हेही मान्य. पण मग इथे आल्यावर सगळे अचानक नाडीतज्ज्ञ कसे होतात? "बीएएमएस आहे" एवढ्यावर शिकवणारे निवडू नका. त्यांनी भारतात निव्वळ आयुर्वेदाने किती वर्षं रुग्ण बघितले, हा प्रश्न आधी विचारा.

मुग्धाताईंचं ओपीडीबद्दलचं म्हणणं मला पटतं, आणि ते पटेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडेही रेसिडेन्सी पुरी केल्याशिवाय कोणी सल्लागार होत नाही. ओपीडी खरंच झाली तर मी महिन्यातून एकदा येऊन एकच गोष्ट शिकवीन: कुठल्या रुग्णाला तेल लावायचं नाही, तर गाडीत घालून इमर्जन्सीत न्यायचं. छातीतली जळजळ पित्त असते आणि हृदयविकारही. मधुमेही बाई "हात खूप जड झालाय" म्हणाली तर वाताचा विचार नंतर.

अविनाश

---

प्रेषक: मुग्धा, सॅन होजे

अविनाशदादा, राग कशाला? तुमचा प्रश्न मला पहिल्यांदा विचारा. भारतात मी नऊ वर्षं फक्त पंचकर्म केलं, स्टेथोस्कोप रक्तदाबापुरता. आणि तुमचा तास मी आताच बुक करतेय.

सुहासने वैयक्तिक मेलमध्ये विचारलं की परवानाच नाही तर एवढा खटाटोप कशाला. ॲक्युपंक्चरकडे बघ. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन बीजिंगला गेले, तिथे त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नंतरच्या पोटदुखीवर सुया टोचल्या आणि त्यांनी ते छापलं. अमेरिकेत खळबळ उडाली. तरी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाने परवानगी दिली ती फक्त वैद्यकीय महाविद्यालयांत, संशोधनापुरती. १९७५ मध्ये प्रमाणपत्राचा कायदा आला. तेव्हाही डॉक्टरची चिठ्ठी लागायची. ती अट पुढे तीन वर्षांनी गेली. २००५ पासून तर परवान्यासाठी ३००० तासांचं शिक्षण लागतं, आणि त्यातले ९५० तास क्लिनिकमध्ये. आपल्या ५० भेटींशेजारी हा आकडा ठेवून बघ.

हे तास होतात कुठे? त्यांच्या शाळांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये. शिकाऊ विद्यार्थी तपासतो, परवानाधारक शिक्षक शेजारी उभा असतो, येणाऱ्याला फी कमी पडते. चिनी वस्तीतल्या आज्या तिथे जात राहिल्या म्हणून ते तास भरत गेले. आपल्याकडे आज्या आहेत, गुडघेही आहेत. त्या आज शेजारणीला विचारून गुग्गुळ घेतात.

तर माझा प्रस्ताव असा. मंडळाने प्रमाणपत्र देऊ नये. जे विद्यार्थी आधीच एखाद्या शाळेत शिकतायत आणि ज्यांना रुग्णभेटी मिळत नाहीत, त्यांच्यासाठी महिन्यातून दोन शनिवार सल्ला-केंद्र चालवावं. शिकवणारा कोण, हे अविनाशदादांच्या कसोटीने ठरवावं. सुरुवातीला फक्त आहार, दिनचर्या आणि साधी घरगुती द्रव्यं, तीही श्रीकांतकाकांनी पास केलेली. पंचकर्म नाही. अभ्यंगसुद्धा नाही, कारण मसाजचे नियम प्रत्येक शहराचे वेगळे आहेत. रसौषधी अजिबात नाहीत. प्रत्येक रुग्णाची केस नीट लिहून काढायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून काय झालं तेही लिहायचं. बरं वाटलं नाही, तर तेही.

आपले वैद्य इथे मागे पडतात ते या लिहिण्यात. "माझ्या हातचा गुण" असं सगळे म्हणतात, पण फाइल कोणाकडेच नसते. परवाना मागायला कधी सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत, जायची वेळ आली, तर तिथे या फाइलीच उघडाव्या लागतील.

मुग्धा

---

प्रेषक: खजिनदार

सर्वांना नमस्कार. मुग्धाताईंचा प्रस्ताव पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. तोपर्यंत दोन कामं. मंडळाचा विमा कार्यक्रमांपुरता आहे, आरोग्यविषयक सल्ला त्यात बसत नाही, तेव्हा वेगळ्या दायित्व विम्याचे दोन-तीन दर नंदिनीताईंनी मागवावेत. शिकवणाऱ्यांचा स्वतःचा विमा असणं ही अट मी ठेवणार आहे, त्यावर वाद नको.

सुहास, जागेच्या कराराची प्रत पाठव. त्यात 'फक्त शालेय वापर' असं कलम आहे असं मला आठवतं. आणि हो, गेल्या दिवाळीत चकलीच्या तेलाचा डाग गालिच्यावर पडला म्हणून दोनशे डॉलर अनामत कापली गेली होती. अभ्यंग नको हे मुग्धाताईंनी स्वतःच लिहिलं, बरं झालं.