अनुभव धागा: चवीचे चहा, कशात काय, किती आणि कधी घालायचं

सागरवेळ
पहिल्या सरीनंतर परसातल्या गवती चहाचा वास आला आणि जुन्या पातीच्या चहाची आठवण झाली. तो वास हल्ली कपात उतरत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, म्हणून हा धागा. आलं, कोकम, जायफळ, विकतचे डबे, काहीही चालेल. फक्त 'छान लागतो' एवढंच नको, माप आणि वेळ लिहा.

सुरुवात पातीनेच करते. दोन कपांना हातभर लांबीच्या तीन पाती पुरतात. बुडाकडचा पांढरट भाग टाकू नका, जोर तिथेच असतो, तो जरा ठेचून घ्यायचा. वरची पात कात्रीने बोटबोटभर कापावी, हाताने ओढली तर कडा बोटं कापतात. पाण्याला उकळी आली की पात टाकायची, आच मंद, झाकण घट्ट, तीन मिनिटं. मग पावडर, मग दूध. लिंबासारखा जो वास आहे तो सिट्रालचा, आणि ते वाफेबरोबर उडून जातं. उघड्या टोपात दहा मिनिटं खळाखळा उकळलं की लिंबू गेलं आणि नुसतं गवत उरलं. बहुतेक ठिकाणी बिघडतं ते इथेच.

वेंगुर्ल्याची_बाय
झाकणाचा अगदी बरोबर गो. आल्याचा पण सांगतंय. आला आधी पाण्यात उकळूक होया, दूध मागसून. नायतर दूध फाटता.

लाल_चिरा
बायने लिहिलंय त्याचं कारण असं. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, झिंगिबेन. ६० अंशांच्या आसपास ते सर्वांत जोरात काम करतं. आलं न उकळता टाकलं आणि वर फ्रिजमधलं दूध ओतलं की चहा नेमका त्याच तापमानाला उतरतो आणि दूध नासतं. आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं की विकर मरतं, मग दूध खुशाल घाला. दोन कपांना अंगठ्याच्या पेराएवढं आलं, किसण्यापेक्षा ठेचलेलं बरं. किसाने चहा गढूळ होतो आणि गाळणी तुंबते.

सुंठ हे वेगळंच प्रकरण. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट. म्हणून सुंठ आल्याच्या मापाने घालू नका, दोन कपांना पाव चमचा म्हणजे डोक्यावरून पाणी. दूध फाटायची भीती मात्र तिथे नाही.

खाडीकाठ
चवी तुलना करून बघायच्या तर माप एकच ठेवा, नाहीतर आपण चहाची नव्हे, चमच्याची परीक्षा करतो. चहा चाखण्याच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली निघालेलं. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी ओतून झाकण, बरोबर ६ मिनिटं. पिण्यासाठी हा फार कडक होतो, पण दोष झाकले जात नाहीत. आधी कोरा आणि बिनसाखरेचा चाखायचा, जरा निवल्यावर. पोळत्या चहात जीभ काही ओळखत नाही. दूध-साखर त्यानंतर. एका बैठकीत चार-पाचच्या वर नकोत, आणि सुंठ-मिरीवाला सर्वांत शेवटी.

आमसुली
कोकमाचा कोरा चहा. दोन कप पाणी, एक सपाट चमचा पावडर, दोन मिनिटं, गाळून घ्या. गाळल्यावर त्यात तीन आमसुलं टाकून तीन मिनिटं झाकून ठेवा. पावडरीबरोबर उकळायची नाहीत. चहाचा तुरटपणा आणि सालीचा तुरटपणा एकत्र आला की जीभ आखडते. आमसुलं मिठाची असतात, टाकण्याआधी एका पाण्यातून काढा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरणार असाल तर कपाला एक चमचा, आणि चव घेतल्याशिवाय दुसरा नको, त्यात मीठ भरपूर असतं. गोडीला गूळ, साखर नाही. ॲल्युमिनियमच्या टोपात किंवा बिनकल्हईच्या पितळेत मुळीच करू नका, आंबटाने धातू सुटतो.

हर्णे_बंदर
आणि दूध घातलं तर?

आमसुली
नासणारच दादा. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे. तो कोराच प्यायचा.

नारळीपोफळी
जायफळ कसं कोणी लिहिलं नाही? नारळ-पोफळीच्या सावलीत होणारं आपलं पीक, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती काढल्यात. चार कपांना किसणीवर दोन-तीन वेळा ओढलं की पुरे, तेही आच बंद केल्यावर. उकळलं की सुगंध जातो आणि कडवटपणा राहतो. जास्त घातलं तर चव बिघडतेच, वर गुंगी आणि मळमळ, तेव्हा यात हात आखडताच ठेवा. पूड करून ठेवू नये, आठवडाभरात वास उतरतो. अख्खं जायफळ लागेल तसं किसावं.

माझ्या मते दुधाच्या चहाला जायपत्री जायफळापेक्षा चांगली. वास हलका आणि रंगही सुरेख. दोन कपांना एक लहान पाकळी, पावडरीबरोबरच टाकली तरी चालते.

हर्णे_बंदर
फळाची वरची साल? ती फार वाया जाते.

नारळीपोफळी
चकत्या करून वाळवा. कोऱ्या चहात एक चकती. साल आंबट असते, दुधात नको. बाकीच्या सालीचं लोणचं घाला, मीठ जरा सढळ.

वेंगुर्ल्याची_बाय
लोणच्याचा प्रमाण लिव ना रे, धागो खंयचो पण असूदे

नारळीपोफळी
बाय, वेगळा धागा काढतो, इथे हरवून जाईल.

मोगरी
विकतचा जास्मिन चहा म्हणजे आपल्याच मोगऱ्याचा. चीनमध्ये फुजियान प्रांतात हिरव्या चहात मोगऱ्याच्या कळ्या रात्रभर मिसळून ठेवतात, कळी रात्री उमलते आणि चहा वास ओढून घेतो. सकाळी फुलं चाळून काढायची आणि चहा पुन्हा सुकवायचा. भारी प्रतीला हेच नव्या कळ्या घेऊन पुन्हा पुन्हा करतात.

घरी करायचा तर चैत्र-वैशाखात, पावसात जमत नाही. ५० ग्रॅम पानाचा हिरवा चहा, संध्याकाळी काढलेल्या फुगीर पण मिटलेल्या २५ कळ्या, काचेची बरणी, रात्रभर. सकाळी फुलं न विसरता काढा. फुलांचं पाणी चहात उतरलेलं असतं, तसाच ठेवला तर दोन दिवसांत कुबट. तव्यावर अगदी मंद आचेवर हाताला सोसेल इतकाच गरम करून सुकवायचा. तीन रात्री केलं की वास टिकतो. गजऱ्याची विकतची फुलं नकोत, त्यांवर पाणी आणि औषध मारलेलं असतं. आणि आपली नेहमीची दाणेदार सीटीसी पावडर इथे फुकट जाते, तिच्या कडकपणाखाली मोगरा दबतो.

खाडीकाठ
सुंदर लिहिलंत. यात भर एवढीच, हा चहा उकळत्या पाण्यात टाकू नये. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, ७५-८० अंशांवर आलं की दोन मिनिटं बुडवा. हिरवा चहा कडू लागतो म्हणणाऱ्यांच्या घरी तो उकळलेला असतो.

पुळणीवर
विकतच्या पिशव्यांबद्दल. अर्ल ग्रे चांगला, बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल असतं त्यात. रस नसल्यामुळे दूध फाटत नाही, पण दुधाने वास झाकला जातो, कोराच घ्या. लॅपसांग सूशाँग पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, चुलीजवळच्या माळ्याचा वास आवडणाऱ्यांनी जरूर घ्यावा. आंब्याच्या पिशव्या घेऊ नका. डबा उघडला की घमघमाट, कपात काही नाही. वाळलेल्या आंब्याचे तुकडे पाच मिनिटांत चव सोडत नाहीत, वास वरून फवारलेला असतो. हापूसच्या मुलखात तर नकोच.

'हिबिस्कस' लिहिलेलं असतं ते आपलं दारातलं जास्वंद नव्हे, लाल अंबाडीची बोंडं. आंबट म्हणून दूध नको.

मोगरी
गोकर्णीचा पण लिहा कोणीतरी. ताजी असतील तर सहा निळी फुलं, कपभर गरम पाणी, पाच मिनिटं. देठ आणि हिरवा भाग काढा, नाहीतर शेंगेसारखा वास येतो. लिंबू पिळलं की जांभळा होतो. चव जवळजवळ नाहीच, ती पातीची घ्यायची, रंग गोकर्णीचा.

गुहागरी
गुळाच्या चहाचं काय करायचं? दर वेळी फाटतो.

लाल_चिरा
गूळ मुळात किंचित आंबट, पावसात ओल धरली की आणखी आंबतो. चहा दूध घालून पूर्ण उकळा, आच बंद करा, मिनिटभर थांबा, मग किसलेला गूळ. परत आचेवर नाही. नाहीतर गूळ कपात आणि चहा वरून.

नारळाच्या दुधाचंही तसंच. आच बंद केल्यावर जाड रस, दोन कपांना अर्धी वाटी. उकळलं की तेल सुटून वर तवंग. याला वेलची चालते, आलं नको.

गुहागरी
धन्यवाद दादा! अजून एक, मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं तेव्हा कुठलाच चहा धड लागत नाही.

खाडीकाठ
मचूळ पाण्याला उकळून उपाय नाही, मीठ जात नाही. तेवढे दिवस चहापुरतं वेगळं पाणी आणा. काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं, ते चहातल्या टॅनिनशी मिळून रंग काळपट करतं. असा चहा दिसला तर पावडरीला दोष देऊ नका. पाणी रात्रभर भरून ठेवा, तांबूस गाळ खाली बसला की वरचं अलगद घ्या.

सागरवेळ
सगळ्यांनी किती नेमकं लिहिलंय! पावसाळ्यात साठवण कशी करता तेही सांगा ना. डबा उघडला की चहाला सुकटीचा वास.

आमसुली
चहा आणि सुकट एका फळीवर कधीच नाही ताई. चहा ओल आणि वास दोन्ही ओढतो, मोगरा लागतो तसाच बोंबीलही लागतो. आठवड्यापुरता चहा लहान डब्यात, बाकीचा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकला जुना वास धरून राहतो. वाफ आलेला चमचा आत घालू नका. वेलचीची सालं डब्यात टाकत असाल तर आधी कढईत कोरडी परता, ओली राहिली तर बुरशी.

हर्णे_बंदर
सुकट फळीवरून हलवली. बोंबील कुठे ठेवू आता?

वेंगुर्ल्याची_बाय
काचेच्या बरणीत घाल, वर घट्ट झाकण, आणि ऊन पडला की परत वाळत घाल.