शब्दचर्चा : मांडणशिल्पातल्या वस्तू 'टाकाऊ' कशा?

विचारणा (देवगड)

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावातल्या चार तरुण चित्रकारांनी शाळेच्या सभागृहात मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू जागेत मांडून केलेली कलाकृती) केलं. मोडलेल्या होडीची उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड) छताला टांगलेली, खाली फाटकी जाळी, जुनी कौलं, सुपारीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाशी असतात ती रुंद आवरणं). उलांडीला कालवांच्या शिंपा अजून चिकटलेल्या, आणि दोरी बांधून बांधून लाकडाला पडलेली खाच हाताला गुळगुळीत लागत होती. दाराशी फलक होता, 'टाकाऊतून टिकाऊ'. ज्यांनी जाळी दिली ते काका तो वाचून म्हणाले, "टाकाऊ कसला? ह्या जाळ्यान घर चालवल्यान माझा." तेव्हापासून हा शब्द मला खुपतोय. दुसरा कुठला चालेल?

उत्तर (रत्नागिरी)

काकांचं बरोबर आहे. टिकाऊ, विकाऊ तसा टाकाऊ, म्हणजे टाकण्याच्याच लायकीचं. तो वस्तूचा प्रकार नाही, तिच्यावर दिलेला निकाल आहे. 'भंगार' वजनावर विकलं जातं. 'मोड' म्हटलं की तांब्यापितळेची जुनी भांडी आठवतात, ती मोडीत घालून नवी घ्यायची. 'अडगळ' मात्र मला जवळची वाटते, कारण माळ्यावरची अडगळ कुणी टाकलेली नसते, ठेवलेली असते.

शिवाय 'टाकाऊतून टिकाऊ' बाटलीच्या फुलदाणीला शोभतं, तिथे बाटली लपवायची असते. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात सीट सीटच दिसते आणि बैलही दिसतो. तुमच्या उलांडीचंही तेच.

उत्तर (कुडाळ)

'टिकाऊ'ही चुकीचंच. आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी (टांगलेली लाकडी चौकट) बांधतात, तिला लोंबतात : कवंडळं, कांगुण्या, तेरडा, आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस. रानात जे मिळेल ते आणायचं, कुठलं कुठे लोंबेल ते घरातल्या जाणत्याने ठरवायचं, आणि विसर्जनाबरोबर सगळं उतरवायचं. टिकावी म्हणून माटवी कोणी बांधत नाही. मिश्र माध्यम म्हणतात ते आम्ही लहानपणापासून मान वर करून बघत आलोय.

म्हणूनच 'मांडणशिल्प' हा शब्द मला फार आवडतो. आपण पाट मांडतो, संसार मांडतो, हिशेब मांडतो, कैफियतही मांडतो. शिमग्यात गाव जमतो ती जागाही मांडच. मांडलेलं कुणीतरी बघायचं, ऐकायचं असतं, हे त्या क्रियापदातच आहे. 'शिल्प' म्हणजे नुसतं छिन्नीकाम अशी कुणाला शंका असेल तर, संस्कृतात तो शब्द कुठल्याही हस्तकौशल्याला चालतो.

वस्तूंसाठी 'जुनेर' सुचवते. जुनेर लुगडं कोणी फेकत नाही, त्याची गोधडी होते आणि आजीचा पदर त्यात ओळखू येतो.

उत्तर (वेळास)

जुनेर छान, पण सगळ्याला नको. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तुटून समुद्रात राहिलेलं नायलॉनचं जाळं त्यांच्या गळ्याला बसतं. लाटेने आणून टाकलेल्या त्या गुंत्याला मायेचा शब्द लावणं मला जमणार नाही. त्याला कचराच म्हणा, आणि मांडणशिल्पात तो कचरा म्हणूनच दिसू द्या.

विचारणारा पुन्हा

हे पटलं. काकांचं जाळं आणि लाटेबरोबर आलेलं जाळं एका शब्दात बसवायचा माझा हट्ट चुकीचा होता. मुलांशी बोललो. नवा फलक असा : 'उलांडी, काकांची जाळी, कौलं, विऱ्या'. खाली 'मांडणशिल्प' आणि चौघांची नावं. उलांडीला रायगडच्या बाजूला वेगळा शब्द असेल तर कळवा, तोही कंसात लिहू.